स्ट्रॉबेरीवरील बुरशीनाशके : निवड आणि फेरपालट

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर व पाचगणी या परिसरात स्ट्रॉबेरीचे पीक आता चांगलेच स्थिरावले आहे. निचऱ्याची तांबडी जमीन, हिवाळ्यातील थंड रात्री आणि पर्यटकांमुळे दारीच उभी राहिलेली बाजारपेठ यांच्या योगाने त्याची वाढ झाली, आणि २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळाली. परंतु ज्या हवेत हे फळ रंग व गोडी धरते, तीच हवा बुरशीलाही मानवते. सकाळी उशिरापर्यंत पानांवर टिकून राहणारे दव, ऑक्टोबरात रेंगाळणारा पाऊस आणि ऐन तोडणीत येणारे ढगाळ दिवस यांमुळे या पिकास लागवडीपासून अखेरच्या तोड्यापर्यंत रोगाची धास्ती असते. परदेशातून आणलेली मातृरोपे, गादीवाफे, आच्छादनाचा कागद व ठिबक यांवर बागायतदाराने मोठी रक्कम आधीच गुंतविलेली असते. ती वसूल होण्याच्या वेळी पनेटमधील एकच फळ कुजके निघाले, तरी व्यापारी सबंध पेटीचा भाव पाडतो.

अशा वेळी फवारणीत कोणी कसूर करीत नाही. किंबहुना ती गरजेपेक्षा अधिकच होते. तरीही गावोगावी एकच तक्रार ऐकू येते : “औषध बदलून बदलून मारले, पण कूज काही हटत नाही.” या तक्रारीतील ‘बदलून’ हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. औषधाचे नाव बदलणे आणि औषध बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

समजा, एका बागायतदाराने फुलोरा सुरू होताच ॲझॉक्सिस्ट्रॉबिन व डायफेनोकोनॅझोल यांचे मिश्रण फवारले. आठ दिवसांनी दुकानदाराने दुसरी बाटली दिली. तीत ट्रायफ्लॉक्सिस्ट्रॉबिन व टेब्युकोनॅझोल होते. तिसऱ्या वेळी त्याने क्रेसॉक्सिम मिथाइल आणले. तीन डबे, तीन कंपन्या, आतील घटकांची नावे पाच. बागायतदाराची खात्री झाली की, आपण दर वेळी निराळे औषध वापरले. वस्तुतः ॲझॉक्सिस्ट्रॉबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रॉबिन व क्रेसॉक्सिम मिथाइल हे एकाच गटातील घटक असून ते बुरशीवर एकाच जागी आघात करतात. आणि डायफेनोकोनॅझोल व टेब्युकोनॅझोल हे दुसऱ्या एका गटातील आहेत. म्हणजे पहिला गट लागोपाठ तीनदा व दुसरा दोनदा वापरला गेला. खर्च तीन औषधांचा झाला, फेरपालट मात्र मुळीच झाली नाही.

येथे व पुढे जी औषधांची नावे येतील, ती गटांची ओळख व्हावी एवढ्यासाठीच घेतली आहेत. ती फवारणीची शिफारस नव्हे. कोणतेही औषध विकत घेताना त्याच्या लेबलवर स्ट्रॉबेरी या पिकाचे व संबंधित रोगाचे नाव आहे की नाही ते पाहावे. द्राक्षावर किंवा टोमॅटोवर चालते म्हणून ते स्ट्रॉबेरीवर चालवू नये. लेबलाचे हे बंधन १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये आहे, आणि बुरशीनाशकेही याच कायद्याखाली येतात. पूर्वी प्रचारात असलेल्या बेनोमिलच्या वापरावर २०१८ साली देशात बंदी आली आहे. ते कोणाच्या कोठारात शिल्लक असल्यास वापरू नये.

रोग कोणता ते आधी ठरवावे

गटाचा विचार रोगाच्या ओळखीनंतरचा आहे. स्ट्रॉबेरीवरील सर्वांत नुकसानकारक रोग म्हणजे करडी बुरशी. फळावर प्रथम मऊ, तपकिरी डाग पडतो व पुढे त्यावर राखेच्या रंगाची लव उगवते. बागायतदाराचे लक्ष जाते ते या लवेकडे. परंतु बुरशीचा शिरकाव बहुधा महिनाभर आधी, फूल उमललेले असतानाच झालेला असतो. वाळत चाललेल्या पाकळ्यांवर व केसरांवर ती प्रथम जगते, तेथून कोवळ्या फळात शिरून दबा धरून बसते आणि फळ पिकू लागले, की प्रकट होते. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, या रोगावरील फवारणीची खरी वेळ फुलोऱ्याची होय. दुसरी, कुजलेल्या फळावर औषध मारून ते फळ वाचत नाही. ते तोडून बागेबाहेर नेणे व पुरणे हाच त्यावरील इलाज. तोडणीच्या बाईने चांगल्या फळांसाठी एक व कुजक्यांसाठी एक अशी दोन भांडी बरोबर ठेवली, तर बुरशीचे बीजाणू सरीत पडून राहत नाहीत. मात्र कुजके फळ हाताळलेल्या बोटांनी चांगले फळ तोडू नये.

दुसरा रोग करपा. यात फळावर खोलगट, गोल, काळपट डाग पडतात व ओल्या हवेत त्यांवर नारिंगी चिकट थर दिसतो. हाच रोग बागायतदार ज्याला क्राऊन म्हणतात त्या आखूड बुंध्यात शिरला, तर रोप एकाएकी माना टाकते. बुंधा उभा चिरून पाहिल्यास आत तांबूस तपकिरी रंग आढळतो. करपा पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो आणि बहुतेक वेळा रोपांबरोबरच शेतात येतो.

भुरीची गोष्ट उलट आहे. तिला पानावर पाणी साचलेले लागत नाही. दमट हवा व कोरडे पान तिला अधिक मानवते. पानांच्या कडा वर वळून पाने होडीसारखी दिसू लागली, की ती उलटून पाहावीत. खालच्या बाजूस पांढरी पूड आढळेल. पावसापासून रक्षणासाठी प्लास्टिकचे बोगदे केले असता करडी बुरशी कमी होते, पण भुरी वाढते, हे बोगदे करणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

चौथा रोग पाणी साचणाऱ्या वाफ्यांत होणारी फायटोफ्थोराची मर. फायटोफ्थोरा ही शास्त्रीय दृष्ट्या खरी बुरशीच नव्हे. त्यामुळे पुष्कळ बुरशीनाशके तिच्यावर चालत नाहीत, आणि कार्बेन्डाझिमची आळवणी केल्यास पैसे मातीत जातात. पानांवरील जांभळ्या कडेचे व पांढुरक्या मध्याचे ठिपके हा आणखी एक रोग आहे. परंतु रोगट पाने वेळीच खुडणाऱ्याच्या बागेत तो सहसा फार त्रास देत नाही.

रोग ओळखण्यावर एवढा भर देण्याचे कारण असे की, चुकीच्या रोगावर मारलेले औषध निष्फळ तर ठरतेच, पण बागेत असलेल्या इतर बुरशींना त्या गटाची सवयही करून देते.

गट म्हणजे काय

बुरशी हा सजीव आहे. ती श्वसन करते, तिच्या पेशी विभागतात, पेशींभोवती ती आवरण तयार करते. आधुनिक बुरशीनाशकांपैकी बहुतेक यांपैकी एखादीच क्रिया बंद पाडतात. कोणते औषध कोणती क्रिया बंद पाडते, यावरून त्यांचे गट पाडलेले आहेत. बुरशीनाशकांविरुद्धच्या प्रतिकाराचा विचार करण्यासाठी १९८१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय समितीने या गटांना क्रमांक दिले असून ते जगभर सारखेच आहेत. काही लेबलांवर हा क्रमांक छापलेला असतो. तो नसेल तेथे मोठ्या अक्षरातील व्यापारी नावाकडे न पाहता त्याखाली बारीक अक्षरात छापलेले घटकाचे तांत्रिक नाव वाचावे व त्यावरून गट ठरवावा.

कार्बेन्डाझिम व थायोफेनेट मिथाइल हे गट १ मध्ये मोडतात आणि पेशींचे विभाजन रोखतात. ज्यांच्या नावाचा शेवट बहुधा ‘कोनॅझोल’ असा होतो ते हेक्झाकोनॅझोल, पेनकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल, तसेच मायक्लोब्युटॅनिल हे गट ३ चे. मेटॅलॅक्झिल गट ४ मध्ये येते व ते फायटोफ्थोरासारख्या रोगांसाठीच आहे. बॉस्कॅलिड, फ्लुओपायरम व फ्लक्सापायरोक्सॅड हे गट ७ मध्ये, तर सायप्रोडिनिल व पायरिमेथॅनिल हे गट ९ मध्ये येतात. ॲझॉक्सिस्ट्रॉबिन, पायराक्लोस्ट्रॉबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रॉबिन व क्रेसॉक्सिम मिथाइल यांचा गट ११. हा गट बुरशीचे श्वसन बंद पाडतो. फ्लुडिऑक्सोनिल गट १२ चे व फेनहेक्झॅमिड गट १७ चे आहे. ही नावे पाठ करण्याची आवश्यकता नाही. पण हा परिच्छेद कापून फवारणी-वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवावा.

याहून निराळा असा एक वर्ग आहे. कॅप्टन, मॅन्कोझेब, गंधक व ताम्रयुक्त औषधे बुरशीवर एकाच जागी नव्हे, तर अनेक जागी एकदम आघात करतात. त्यांस बहुस्थानी औषधे म्हणतात व त्यांच्या क्रमांकाआधी ‘एम’ हे अक्षर असते. ही स्पर्शजन्य असल्याने पानाच्या किंवा फुलाच्या पृष्ठभागावर राहतात, आत शिरत नाहीत. बुरशी आत शिरण्यापूर्वी ती अंगावर असली तरच त्यांचा उपयोग. आंतरप्रवाही औषधांच्या मानाने ती जुनाट समजली जातात, आणि दुकानात ती मागणाऱ्याकडे काहीशा कीव आलेल्या नजरेने पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते स्ट्रॉबेरीच्या रोगनियंत्रणाचा पाया हीच औषधे होत. त्याचे कारण पुढे येईल.

हरळी आणि कुळव

एखाद्या शेतात हरळी व इतर तण मिसळून आहे आणि त्यात आपण दर वेळी कुळवच फिरवितो, असे समजू. इतर तण मरते. हरळीचे तुकडे मात्र जमिनीत राहतात व फुटतात. तीन-चार वर्षांनी त्या शेतात हरळीखेरीज काही दिसत नाही. कुळवाने हरळी निर्माण केली नाही. तिच्या सोबतचे तण काढून टाकून तिला रान मोकळे करून दिले, इतकेच.

बुरशीचेही असेच आहे. एका कुजक्या फळावर करड्या बुरशीचे लक्षावधी बीजाणू असतात. त्यांत एखाद्याच्या अंगी निसर्गतःच असा किंचित बदल झालेला असतो की, गट ११ चे औषध ज्या जागी बसावयाचे ती जागाच पालटलेली असते. फवारणीने बाकीचे मरतात, हा एक उरतो. आणि करडी बुरशी अनुकूल हवेत काही दिवसांतच नवी पिढी देते. पुन्हा तोच गट मारला, की पुन्हा तीच निवड. एका गटातील सर्व घटक त्याच जागी बसत असल्याने एकास न जुमानणारी बुरशी त्या गटातील बहुतेक भावंडांनाही जुमानत नाही. बहुस्थानी औषधांविरुद्ध टिकाव धरण्यास मात्र बुरशीत एकाच वेळी अनेक बदल व्हावे लागतील, आणि तसे घडणे फार अवघड आहे.

हा केवळ तर्क नव्हे. बेनोमिल हे गट १ चे औषध १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले, आणि १९७१ पर्यंत करड्या बुरशीत त्याविरुद्ध प्रतिकार नोंदला गेला. मेटॅलॅक्झिल १९७७ च्या सुमारास आले. १९८० साली आयर्लंड व हॉलंड येथील बटाट्याच्या करप्यावर ते निष्प्रभ ठरू लागले. गट ११ ची औषधे १९९६ साली प्रचारात आली आणि दोनच वर्षांत जर्मनीतील गव्हाच्या भुरीने त्यांना दाद देणे सोडले. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात स्ट्रॉबेरीच्या करप्यातही या गटाविरुद्ध प्रतिकार आढळून आला आहे. दूर कशाला, महाराष्ट्रातील द्राक्षबागांत केवड्याच्या रोगकारकात गट ११ विरुद्धचा प्रतिकार संशोधकांनी दाखवून दिला आहे. उलट कॅप्टन हे १९५० नंतरच्या दशकापासून जगभर स्ट्रॉबेरीवर वापरले जात असून अद्याप त्याचा उपयोग संपलेला नाही.

नुसती अदलाबदल का पुरत नाही

येथे एक शंका उपस्थित होईल. आज गट १, पुढच्या वेळी गट ११, पुन्हा गट १, अशी अदलाबदल केली म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. पिकाच्या फेरपालटीत बेवड साधतो, तसे येथे का साधू नये?

अडचण अशी की, एकाच बुरशीच्या अंगी दोन, तीन किंवा त्याहूनही अधिक गटांविरुद्धचा प्रतिकार एकत्र येऊ शकतो. जर्मनी व अमेरिका येथील स्ट्रॉबेरीच्या बागांत असे बहुप्रतिकारक वाण प्रत्यक्ष सापडले आहेत. ज्या बुरशीत गट १ व गट ११ या दोहोंविरुद्ध प्रतिकार आहे, तिच्या दृष्टीने ही अदलाबदल म्हणजे दोन्ही वेळा सुट्टीच. गट १ मारला, की गट ११ विरुद्धचा प्रतिकारही त्याच्याबरोबर आपोआप जपला जातो. म्हणून फेरपालटीत किमान तीन-चार निरनिराळे गट असावेत, त्यांच्या मधल्या फवारण्या बहुस्थानी औषधांच्या असाव्यात आणि एकूण फवारण्याच कमी व्हाव्यात. या तिन्ही गोष्टी एकत्र साधल्या पाहिजेत.

हिशेब करून पाहावा. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत दर आठवड्यास एक म्हटले, तरी वीसहून अधिक फवारण्या होतात. एका गटाचा वापर हंगामात दोनदाच करावयाचा, असे बंधन घालून घेतले (आणि ते घालून घ्यावे, अशी आमची सूचना आहे), तर करड्या बुरशीवरील चार गटांतून आठच फवारण्या निघतात. त्यातही स्ट्रॉबेरीचे नाव लेबलवर असलेली औषधे आपल्याकडे मोजकीच असल्याने प्रत्यक्षात हाती उरणारे गट आणखी कमी. उरलेल्या डझनभर फवारण्या एकतर बहुस्थानी औषधांच्या असल्या पाहिजेत, किंवा मुळीच नसल्या पाहिजेत.

आणि पुष्कळ नसल्या तरी चालण्यासारखे असते. करड्या बुरशीस साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि तासन्‌तास ओले राहिलेले फूल लागते. फ्लोरिडातील स्ट्रॉबेरी उत्पादकांना तेथील विद्यापीठ पानांच्या ओलाव्याचे तास व तापमान मोजून फवारणीचा इशारा देते, आणि त्यामुळे आठवड्याच्या ठरीव फवारण्यांपैकी बऱ्याच वाचतात. आपल्या बागायतदारास यंत्र नसले, तरी सकाळी बागेत फेरी मारून पाने व फुले केव्हा कोरडी होतात हे पाहता येते. आकाश निरभ्र आहे, दव लवकर सुकते, वारा खेळता आहे, अशा आठवड्यात वार ठरलेला आहे म्हणून फवारणी करू नये. सलग दोन दिवस ढग, धुके किंवा पावसाची भुरभुर आहे व बाग फुलावर आहे, अशी वेळ हीच एकस्थानी आंतरप्रवाही औषध बाहेर काढण्याची वेळ होय. त्याच्या जोडीस बहुस्थानी औषध लेबलास अनुसरून द्यावे. हुकमाचे पान दर डावाला टाकले, तर ते हुकमाचे राहत नाही.

हंगामाची आखणी

ही आखणी रोपवाटिकेपासून करावी. मातृरोपांच्या धावत्या वेलींपासून पावसाळ्यात रोपे तयार होतात. त्या दिवसांत महाबळेश्वरच्या डोंगरावर पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. खालच्या अंगास तो कमी असला, तरी हवा ओलीच असते. सबब रोपवाटिकेत फवारण्याही भरपूर होतात. प्रतिकारक बुरशी रोपांबरोबर शेतात येते, हे फ्लोरिडात आढळून आलेले आहे. आपल्याकडे त्याहून निराळे घडेल, असे मानण्यास कारण नाही. म्हणून रोपे घेताना त्यांची जात व भाव यांच्याबरोबरच “यांवर कोणती औषधे, किती वेळा मारली?” असा प्रश्न विचारावा व उत्तर वहीत लिहून घ्यावे. रोपवाटिकेत गट ११ दोनदा मारला गेला असेल, तर बागेत त्याचा वापर शक्यतो टाळावा. दोन फवारण्यांचे बंधन हे रोपाचे आहे, मालकाचे नव्हे.

लागवडीनंतरचे पहिले सहा आठवडे करपा व मर यांचे. या काळात बहुस्थानी औषधावर भिस्त ठेवावी. जुनी पाने खुडावीत. पाणी साचणाऱ्या वाफ्यांना चर काढावेत. गट ४ चे औषध मर निश्चित ओळखली गेल्यावरच, लेबलाप्रमाणे, आणि हंगामात एकदाच वापरावे. साध्या कार्बेन्डाझिमवर करप्यासाठी विसंबू नये. करपा घडविणाऱ्या बुरशींपैकी फळावर येणारा एक मुख्य प्रकार या गटास मुळातच फारसा बधत नाही.

फुलोऱ्याची पहिली लाट आली, की करड्या बुरशीची तयारी ठेवावी. हवा कोरडी असेल तर बहुस्थानी औषध, ओली झाली तर एका गटाचे एकस्थानी औषध; पुढची ओली हवा येईल तेव्हा दुसऱ्या गटाचे. लागोपाठ दोन फवारण्यांत तोच गट येऊ देऊ नये. मिश्र औषध वापरल्यास त्यातील दोन्ही गट खर्ची पडले, असे मांडावे. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत भुरी दिसू लागते. तिच्यावर गंधक हे जुने व खात्रीचे औषध आहे. मात्र कडक उन्हात व तापमान ३० अंशांवर असताना ते मारू नये, पाने व फळे भाजतात. भुरीसाठी गट ३, ७ किंवा ११ वापरल्यास तेही त्याच हिशेबात धरावेत. भुरीचे औषध करड्या बुरशीवरही पडतेच. बुरशी काही रोगाचे नाव विचारून निवड होऊ देत नाही.

तोडणी भरात आली, म्हणजे एक दिवसाआड फळे उतरतात. त्या वेळी काढणीपूर्व प्रतीक्षेचा काळ हाच औषध निवडण्याचा मुख्य निकष ठरतो. ज्या औषधाच्या लेबलवर सात दिवस थांबण्यास सांगितले आहे, ते फवारून तिसऱ्या दिवशी फळ तोडता येणार नाही. स्ट्रॉबेरीस साल नाही. घाटातील वळणावर मुलाच्या हातात पडलेले फळ बहुधा न धुताच तोंडात जाते, आणि आत शिरलेले औषध धुऊनही जात नाही. ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस यांसारखी जैविक औषधे या काळात उपयोगी पडू शकतात. परंतु ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे. बुरशीनाशकाच्या पंपात ती मिसळणे म्हणजे राखणदारास चोराबरोबर बांधून घालणे होय. फुलोऱ्यातील सर्व फवारण्या मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी कराव्यात. ज्या तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, तेथे याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

औषध चालले नाही असे वाटल्यास

औषध लागू पडले नाही, की ‘बुरशी निर्ढावली’ असे म्हणण्याची घाई होते. आधी साध्या गोष्टी तपासाव्यात. नोझल झिजलेले आहे काय? पानांची खालची बाजू भिजली होती काय? फवारणीनंतर लगेच पाऊस आला काय? पंपात औषध मोजून घातले, की टोपणाने? लेबलवर १० लिटर पाण्यास २० ग्रॅम अशी मात्रा असेल, तर १६ लिटरच्या पंपास ३२ ग्रॅम लागेल. ती तराजूवर मोजावी. कमी मात्रेने अर्धवट प्रतिकारक बुरशी जगते, जास्त मात्रेने फळावर अंश राहतो. पाण्याचा सामूही पाहावा. कॅप्टन हे अल्कधर्मी पाण्यात फार लवकर विघटन पावते. सामू ८ च्या घरात असल्यास काही मिनिटांतच त्याचा जोर निम्म्यावर येतो. म्हणून ते चुना, बोर्डो मिश्रण यांबरोबर मिसळू नये व कालवून ठेवू नये. तेलयुक्त औषधाच्या जोडीने किंवा लगतच्या दिवसांत ते मारल्यास पाने करपतात.

हे सर्व ठीक असून, रोगही बरोबर ओळखला असून, योग्य वेळी फवारूनही फळ कुजत असेल, तर मात्र प्रतिकाराचा संशय धरावा. मग तोच गट वाढीव मात्रेत मारणे हा सर्वांत वाईट उपाय होय. तो गट त्या हंगामापुरता बंद करावा, शेजारच्या बागांतही तसे कळवावे, आणि कुजक्या फळांचा नमुना कागदी पिशवीत घालून कृषी विद्यापीठाच्या वनस्पतिरोगशास्त्र विभागाकडे पाठवावा. बीजाणू बांध ओळखत नाहीत. एका वाफ्यात निवडून निघालेली बुरशी सबंध शिवाराची होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

फवारणीची वही बहुतेक बागायतदार ठेवतात. तीत तारीख, औषधाचे नाव व किंमत असते. या वहीत दोनच रकाने वाढवावयास सांगावे : ‘घटक’ आणि ‘गट क्रमांक’. जेथे गट क्रमांकाच्या रकान्यात ११, ३, ११, ३, ११ असे आकडे एकाखाली एक दिसतील, तेथे फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

गावसभेत करण्याजोगा एक प्रयोग सुचवितो. दहा-बारा बागायतदारांना या हंगामात वापरलेल्या औषधांच्या लेबलांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर काढून आणण्यास सांगावे. रिकामे डबे गोळा करू नयेत. प्रत्येक औषधाचे व्यापारी नाव एकेका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठ्या सतरंजीवर मांडाव्यात. नंतर घटक वाचून एका गटाच्या चिठ्ठ्या एका ढिगात ठेवाव्यात. मिश्र औषधाची चिठ्ठी फाडून दोन ढिगांत टाकावी. वीस-पंचवीस नावांचे शेवटी किती ढीग उरतात, ते सर्वांनी मिळून मोजावे. दुकानदारासही या सभेस अगत्याने बोलवावे, कारण निम्म्याहून अधिक निवड त्याच्या फळीवरून होते, आणि गट विचारणारे गिऱ्हाईक आले, तर तोही फळीवर गटवारीने माल लावू लागेल.

मे महिन्यात शेवटचा तोडा संपला, की वही घेऊन बसावे. त्या हंगामात सर्वांत अधिक वापरला गेलेला गट कोणता ते काढावे, पुढील वर्षीच्या पहिल्या फुलोऱ्यासाठी तो वर्ज्य म्हणून पहिल्याच पानावर लिहावे, आणि रोपवाटिकेशी रोपांचा करार करताना ते पान बरोबर न्यावे.